तात्या आणि माझं बॅरल

ऐन पेरणीत ट्रॅक्टर वावराच्या मधोमध गचके खाऊन बंद पडला, मिस्त्रीने फिल्टर खोलला तर आत नुसतं पाणी, आणि तो चारचौघांत म्हणतो कसा, "मालक, टाकीत डिझेल भरता का विहीर?" खुरपणाऱ्या बाया फिदीफिदी हसल्या. असो.

तर आज सकाळी २०० लिटरच्या बॅरलचं बूच काढून तळाचं पाणी उपसत बसलो होतो. पाणी जड, ते खाली, वर डिझेल, आणि मधे काळी बुळबुळीत साय. तिच्यात म्हणे जिवाणू राहतात, डिझेल खाऊन. त्यांना काय, फुकटात. तेवढ्यात तात्या आले, तोंडात पेटलेली बिडी.

"तात्या, बिडी!"

"आरं ह्ये डिझेल हाय, पेट्रोल न्हाय. पेटत न्हाय त्ये."

"३५ डिग्रीच्या वर गेलं की त्याची वाफ पेट घेऊ शकते तात्या."

तात्या विचारात पडले. मग माझ्या शर्टाच्या खिशातून माझाच मोबाईल काढून त्यांनी हवामान बघितलं.

"एकतीस दावतंय. चार डिग्री हायेत की अजून." आणि निवांत झुरका.

हात डिझेलने बरबटलेले, नाहीतर बिडी मीच उपटली असती. शेवटी नळाखाली जाऊन विझवली त्यांनी, पण माझ्यावर उपकार केल्यासारखी.

"पाणी आलं कुठनं पण?" मी मुद्दाम विचारलं.

"बॅरलला घाम येतो लेका. अर्धं रिकामं बॅरल, रातीला गार पडलं की आतल्या हवंचं पाणी व्हतंय."

राग याचा की हे खरं आहे. पण अर्धं रिकामं केलं कुणी? पंपावरचा पोरगा प्लॅस्टिकचा कॅन बघितला की हाकलून देतो, १९३४ चा कायदा २५०० लिटरपर्यंत डिझेल बिनलायसन ठेवू देतो हे त्याला सांगून उपयोग नाही, त्यामुळे अख्खी आळी माझ्याकडे येते, दहा लिटर दे, उद्या आणून देतो. तात्यांनी आणून दिलं, नाही कशाला म्हणू, पण फवारणीच्या पाण्याच्या कॅनातून, तोही न पुसता. ट्रॅक्टरचा डिझेल पंप खोलायचा, नोझल साफ करायचे, बिल माझं, आणि गावभर चर्चा काय तर ह्याला डिझेल ठेवता येत नाही.

उपसलेल्या बादलीत तात्यांनी वाकून बघितलं. "ह्ये वतून देणार व्हय? वरचं वरचं गाळून दे, आमच्या इंजनाला चालतंय."

दिलं. कॅनही माझाच. नोझलचं बिल दाखवायला खिशात हात घातला तर जाता जाता म्हणाले, "बॅरल गळ्यापतूर भरून ठेवत जा, मंग घाम येत न्हाय."