सवलतीचे गुण ‘फुकट’ नसतात : पालकांच्या ग्रुपवरच्या एका मेसेजला उत्तर

‘मुलांसाठी शाळा निवडताना हे वाचा’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या पालकांच्या ग्रुपांवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : विशेष गरजा असलेली मुलं घेणाऱ्या शाळेचा दहावीचा निकाल पडतो, शिक्षकांचा सगळा वेळ त्या दोन-तीन मुलांवर जातो, वर त्या मुलांना सवलतीत फुकट गुण मिळतात, त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा आहेतच, म्हणून १०० टक्के निकालाची शाळा बघा.

माझ्या मावसबहिणीकडे हा मेसेज तीन ग्रुपांवरून आला. तिच्या मुलाला अध्ययन अक्षमता आहे, म्हणजे बुद्धी चांगली, पण वाचणं-लिहिणं अडतं. जूनमध्ये तो नववीत जाईल. आता ती विचारतेय, त्याचं प्रमाणपत्र शाळेत द्यायचं की दडवायचं? एका मेसेजने हे केलं, म्हणून हे उत्तर.

आधी ‘फुकट गुण’, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने होतं. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मागितलं की मिळालं, असं होत नाही. मुंबईत सायन, नायर अशा रुग्णालयांत ते मिळतं, पण आधी डोळे आणि कान तपासतात, मग बुद्ध्यांक काढतात, मग वाचन-लेखन-गणिताची चाचणी घेतात. बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून चांगली, आणि तरी वाचणं-लिहिणं इयत्तेच्या खूप मागे, असं दिसलं तरच प्रमाणपत्र मिळतं. म्हणजे ‘ढ’ मुलांना गुण वाटण्याची ही सोय नव्हेच.

मिळतं काय? मुख्य म्हणजे वेळ. तासाला २० मिनिटं. मराठीचा ८० गुणांचा पेपर तीन तासांचा असतो, तिथे एक तास जादा. भूमितीचा किंवा विज्ञानाचा ४० गुणांचा पेपर दोन तासांचा, तिथे ४० मिनिटं. प्रश्न तेच. बीजगणित-भूमितीऐवजी सातवीचं अंकगणित आणि जोडीला कार्यानुभवाचा विषय घ्यायची मुभा आहे, पण पुढे गणित लागणाऱ्या वाटा त्यामुळे बंद होतात. हौसेने ती कुणी घेत नाही.

एक उत्तर जवळून बघा. दहावीच्या विज्ञानात ‘प्रकाशाचे अपवर्तन’ आहे. मुलाने आकृती काढली, काचेत शिरणारा किरण स्तंभिकेकडे वळवला, बाहेर पडताना स्तंभिकेपासून दूर नेला, बाण बरोबर दाखवले. खाली लिहिलं ‘आपवरतन’. शिक्षकांनी शब्दाला लाल गोल केला आणि चारातला दीड गुण दिला. हे विज्ञान तपासलं की शुद्धलेखन? मुलाला विषय येतो, जोडाक्षर येत नाही. सवलत एवढंच म्हणते की विज्ञानाच्या पेपरात विज्ञान तपासा.

आणि सवलत वाया कशी जाते तेही सांगायला हवं. मुलाने सांगितलेलं उत्तर लिहून देणारा लेखनिकही मिळतो. तो इयत्तेने खालचा लागतो, म्हणजे बहुधा नववीचा किंवा आठवीचा. शाळा फेब्रुवारीत जो मोकळा दिसेल त्याला उभा करते. त्याने दहावीची भूमिती पाहिलेली नसते. ‘बिंदू पी मधून वर्तुळाला स्पर्शिका काढ’ म्हटलं की कंपास हातात घेऊन तो बसतो, कारण कंपास कुठे टेकवायचा, किती उघडायचा, कुठले कंस छेदवायचे हे एकेक करून सांगावं लागतं आणि तशी सवय दोघांनाही नसते. वीस मिनिटं तिथेच जातात. यावर उपाय साधा आहे : लेखनिक ऑक्टोबरमध्येच ठरवायचा आणि सरावाचे किमान सहा-सात पूर्ण पेपर घड्याळ लावून त्याच्यासोबत सोडवायचे. हे न करणारी शाळा नंतर म्हणते, ‘सवलत देऊनही काही झालं नाही.’

आता ‘निकाल पडतो’. हे बघण्यासाठी देशभराची आकडेवारी तपासणारा एक अभ्यास इंग्लंडमध्ये झाला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात फॅरेल, डायसन आणि सहकाऱ्यांनी २००२ च्या राष्ट्रीय नोंदींमधून ७, ११, १४ आणि १६ वर्षांच्या मुलांचे निकाल घेतले, आणि १६ शाळा आतून पाहिल्या. विशेष गरजांची मुलं किती आहेत याचा शाळेच्या निकालाशी दखल घ्यावी असा संबंध निघाला नाही. किंचित उलटा कल दिसला, ते मान्य; पण घरची आर्थिक स्थिती, घरची भाषा यांचा परिणाम त्याच्या कितीतरी पुढे होता. अशी बरीच मुलं घेऊन उत्तम निकाल लावणाऱ्या शाळाही होत्या. त्यांच्यात सारखं काय होतं? गट लवचीक, मदत मुलागणिक वेगळी आणि प्रत्येकाच्या प्रगतीवर बारीक लक्ष.

१०० टक्क्यांचा हिशेब तर कागदावर मांडून बघा. निकालाची टक्केवारी बसलेल्यांवर निघते, नववीत असलेल्यांवर नाही. शिक्षण हक्क कायद्याचं छत्र आठवीपर्यंत, म्हणून चाळणी नववीत लागते. ६० मुलांच्या तुकडीतली आठ ‘कच्ची’ मुलं नववीत नापास केली किंवा ‘१७ नंबरचा फॉर्म भरा’ (म्हणजे खासगीरीत्या परीक्षेला बसा) म्हणून बाहेर बसवली की उरली ५२. ५२ पैकी ५२ पास, निकाल १०० टक्के. शेजारच्या शाळेने साठही बसवली, ५७ पास झाली, निकाल ९५ टक्के. जास्त मुलं कुणी पास केली? शाळा बघायला जाल तेव्हा टक्का नका विचारू. दोन वर्षांपूर्वी आठवीत किती होते आणि यंदा दहावीला किती बसले, एवढंच विचारा.

शिक्षकांच्या वेळेचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. ६५ मुलांच्या वर्गात, विशेष शिक्षक न देता, नुसतं नाव पटावर चढवलं तर त्या मुलाचंही नुकसान होतं आणि वर्गाचंही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये माध्यमिक शाळेसाठी अशा १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं आहे. भांडायचंच तर ते पद भरण्यासाठी भांडा.

पद भरेपर्यंतही बरंच होतं. शाळा उघडल्यावर दुसऱ्या आठवड्यात नववीच्या प्रत्येक मुलाकडून एक परिच्छेद वाचून घ्यायचा, अपूर्णांक आणि भागाकाराची दहा उदाहरणं सोडवून घ्यायची. अडलेल्यांचे आठ-दहा जणांचे गट करून, शाळा भरण्याआधी ४० मिनिटं, आठवड्यातून चार दिवस, आठ आठवडे शिकवायचं आणि पुन्हा तीच चाचणी घ्यायची. चाचणी न घेता वर्षभर ‘जादा तास’ चालवले की तो गट कायमचा ‘ढ’ गट होतो. या गटांत प्रमाणपत्र नसलेलीच मुलं जास्त निघतात. बाकी फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही, कारण कमी ऐकू येणारं मूल ओठ वाचतं. आणि प्रत्येक पायरी फळ्यावर लिहायची. यात वर्गाचा वेग कुठे मंदावतो? मागच्या बाकांवरही याचा फायदाच होतो.

‘वेगळ्या शाळा’ हा मुद्दा कायद्यानेच निकालात काढलाय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व प्रमाणित असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत की विशेष शाळेत, ही निवड मुलाची. ग्रुप ॲडमिनची नाही.

तेव्हा ताई, प्रमाणपत्र दडवू नकोस. जूनमध्ये झेरॉक्स वर्गशिक्षकांना दे, मूळ प्रत घरी ठेव, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घे. नववीच्या पहिल्या घटक चाचणीपासून जादा वेळ लेखी माग, कारण जादा वेळ वापरायलाही सराव लागतो. दहावीत गेल्यावर सवलतींसाठीचा मंडळाकडचा प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत जातो. दिवाळीची सुट्टी लागण्याआधी तो गेला का, हे ऑफिसात स्वतः जाऊन बघ.