रंगीत तालीम एकाची, नाटक दुसऱ्याचं

फुटबॉल वर्ल्ड कपचं वर्ष आलं की गोव्यात दोन तट पडतात, पोर्तुगालवाले आणि ब्राझीलवाले. (अर्जेंटिनावाले हल्ली वाढलेत, पण त्यातले अर्धे फक्त मेस्सीवाले.) तिकडच्या कोचने स्पर्धेआधीच्या फ्रेंडली सामन्यांसाठी यादी काढली रे काढली, की इकडे रात्री बारा वाजता व्हॉट्सअॅपवर चर्चासत्र सुरू. ह्याला का घेतला, त्याला का वगळला, चाळिशी ओलांडलेल्या रोनाल्डोला अजून किती दिवस. फर्नांडिस, रामोस, कॉस्ता ही आडनावं सासष्टीत वाड्यावाड्यावर आहेत, त्यामुळे घरचंच कार्य असल्यासारखा जोर असतो.

ह्याच मंडळींना भारताच्या शेवटच्या फ्रेंडलीत लेफ्ट बॅक कोण खेळला ते विचारा. गप्प. भारताची यादी आली की प्रश्न एकच असतो, "आमचे भुरगे कितले?" म्हणजे आमची गोव्याची पोरं किती? ब्रायसन फर्नांडिस आहे का, लिस्टन कुलासो आहे का, बस्स. असले तर टाळ्या, नसले तर दिल्लीतल्या फुटबॉल महासंघाच्या नावाने शिमगा. कोणाला कुठल्या जागेसाठी पाहायचं होतं, त्याला किती मिनिटं मिळाली, कोणाच्या ऐवजी मिळाली, हे कोणी विचारत नाही. आणि मला विचाराल तर फ्रेंडलीच्या यादीत विचारण्यासारखं तेवढंच असतं.

आमच्या फोंडा-डिचोलीकडच्या माणसाला हे समजावून सांगायला लागू नये. जत्रेत नाटक करतात तेव्हा रंगीत तालीम कशासाठी असते? हिरोला भाषण पाठ आहे की नाही ते बघायला नाही, तो दहा वर्षं हिरोच करतोय. कुठल्या प्रवेशात कोण अडखळतो, ऐन वेळी एखादा आजारी पडला तर त्याच्या जागी कोण उभा राहील, दुसऱ्या अंकात कपडे बदलायला वेळ पुरतो का, हे बघायला असते. फ्रेंडली सामना म्हणजे तेच. पहिले चौदा-पंधरा खेळाडू कोचच्या डोक्यात आधीच पक्के असतात. प्रश्न असतो उरलेल्यांचा. वर्ल्ड कपला पूर्वी 23 जण नेता यायचे, 2022 पासून 26. म्हणजे गोंधळ घालायला तीन खुर्च्या वाढल्या. फ्रेंडलीत नेहमीपेक्षा जास्त बदली खेळाडू उतरवता येतात ते उगाच नाही.

पोर्तुगालचंच घ्या, म्हणजे तुम्हाला गोडी वाटेल. 17 नोव्हेंबर 2022, लिस्बन, नायजेरियाविरुद्ध फ्रेंडली. रोनाल्डो पोटाच्या तक्रारीमुळे संघाबाहेर. त्या दिवशी 21 वर्षांचा गोन्सालो रामोस देशासाठी पहिल्यांदा मैदानात उतरला आणि गोल करून बाहेर आला. 4-0 असा निकाल, कोणाच्या लक्षातही राहिला नाही. तीन आठवडेही झाले नाहीत, तोच वर्ल्ड कपच्या बाद फेरीत स्वित्झर्लंडविरुद्ध कोचने रोनाल्डोला बाकावर बसवून ह्या पोराला पहिल्यापासून उतरवलं. त्याने हॅटट्रिक केली, पोर्तुगाल 6-1. त्या रात्री आमच्याकडे जे फटाके वाजले ते वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी नायजेरियाची मॅच बघितली होती? कोचने मात्र बघितली होती. (पुढे मोरोक्कोकडून हरले तो भाग वेगळा. त्यावर पोर्तुगालवाल्यांशी बोलू नये.)

त्याच आठवड्यात अर्जेंटिना अबुधाबीत यूएईशी खेळली. 5-0. पाचवा गोल होआकिन कोरेआचा. गोल केला म्हणजे जागा पक्की, असं आपल्याला वाटणार. दुसऱ्या दिवशी तो आणि निकोलास गोन्सालेस दोघेही दुखापतीमुळे घरी. कोच स्कालोनीने आंखेल कोरेआ आणि थियागो अल्मादाला बोलावून घेतलं, आणि ते दोघे विश्वविजेते म्हणून परतले. ऐन वेळी कोणाला बोलवायचं ते नाव त्याच्याकडे तयार होतं, मला कौतुक त्याचं. एन्झो फर्नांडेझची गोष्ट तर ह्याहून भारी. सप्टेंबर 2022 मध्ये होंडुरासविरुद्धच्या फ्रेंडलीत बदली म्हणून देशासाठी पहिला सामना, आणि डिसेंबरमध्ये वर्ल्ड कपचा सर्वोत्तम तरुण खेळाडू.

आता आपल्याकडे या.

आपण रंगीत तालीम नीट केली अशी माझ्या आठवणीतली एकच वेळ, 2019 च्या आशिया कपाआधीची. कॉन्स्टंटाइन कोच होते. ऑक्टोबर 2018 मध्ये चीनला जाऊन 0-0, नोव्हेंबरमध्ये जॉर्डनमध्ये 1-2 हार, 27 डिसेंबरला अबुधाबीत ओमानशी 0-0, तोही बंद दाराआड, प्रेक्षक नाहीत, टीव्ही नाही. तीन सामने, एकही जिंकलो नाही. फेसबुकवर तेव्हा काय काय लिहिलं गेलं ते आठवतंय, त्यात आपल्या गोंयकारांचाही हातभार होता. मग 6 जानेवारीला थायलंडला 4-1 ने धुतलं. आशिया कपात 1964 नंतरचा आपला पहिला विजय. छेत्रीचे दोन गोल सगळ्यांना आठवतात. पण तिसरा गोल जेमतेम विशीतल्या अनिरुद्ध थापाचा आणि चौथा जेजेचा, जो बाकावरून उठून आला आणि दोन-तीन मिनिटांत गोल करून मोकळा झाला. बाकावर बसलेल्याला आपलं काम ठाऊक असलं की असं होतं. पुढे यूएई आणि बहरीनकडून हरून गटातच बाहेर पडलो, ते कबूल. पण संघ कोणता, तो कसा खेळतो, हे ओळखू येत होतं.

ह्याच्या शेजारी मार्च 2025 ठेवा. 19 तारखेला शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध फ्रेंडली. निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला चाळिसाव्या वर्षी परत बोलावलं होतं. 3-0 जिंकलो. गोल भेके, आपल्या दवर्लीचा लिस्टन आणि छेत्री. गावात आनंदीआनंद. सहा दिवसांनी त्याच मैदानावर बांगलादेशविरुद्ध आशिया कप पात्रतेचा खरा सामना, आणि 0-0.

मी छेत्रीच्या विरोधात नाही. त्या मोसमात इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) भारतीयांपैकी सर्वांत जास्त गोल त्याचेच होते, त्यामुळे तेव्हाचे कोच मानोलो मार्केझना दोष देतानाही जीभ अडखळते. क्लब पुढच्या फळीत परदेशी स्ट्रायकर खेळवतात, आपली पोरं विंगवर नाहीतर बाकावर, मग राष्ट्रीय कोचने नऊ नंबर आणायचा कुठून? हे सगळं खरं. पण मालदीवविरुद्धची ती एकमेव तालीम संपल्यावर आपल्याला नवीन काय कळलं? छेत्री मालदीवविरुद्ध गोल करू शकतो, हे. त्याच्याऐवजी कोण, हा प्रश्न होता तिथेच राहिला. मार्केझ यांच्या कारकिर्दीत भारत आठ सामने खेळला आणि जिंकला तो फक्त हा मालदीवचा. जूनमध्ये पुन्हा तोच क्रम, थायलंडविरुद्ध फ्रेंडलीत 0-2, सहा दिवसांनी हाँगकाँगमध्ये 0-1. एफसी गोवामध्ये हाच माणूस पोरांना घडवतो हे आम्ही मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर डोळ्यांनी पाहिलंय. तिथे त्याला रोज सकाळी पोरं हाताशी मिळायची. राष्ट्रीय कोचला ती मिळतात चार-पाच दिवस, आणि तीही क्लबने सोडली तर.

ह्या सोडण्याचीच पुढची कहाणी. ऑगस्ट 2025 मध्ये खालिद जमील कोच म्हणून आले आणि लगेच मध्य आशियाई संघांची काफा नेशन्स कप स्पर्धा. ताजिकिस्तानला 2-1 हरवलं, इराणकडून 0-3, अफगाणिस्तानशी बरोबरी, आणि तिसऱ्या स्थानासाठी ओमानला पेनल्टीवर हरवलं. चांगली कामगिरी होती, खोटं कशाला बोलू. पण ती स्पर्धा फिफाच्या ठरलेल्या तारखांच्या आधीच सुरू झाली, त्यामुळे सुरुवातीपासून खेळाडू सोडण्याची क्लबांवर सक्ती नव्हती. मोहन बागानने सोडले नाहीत. म्हणजे लिस्टन नाही, सहल अब्दुल समद नाही. छेत्रीला खालिदनी स्वतःच वगळलं होतं. तालमीत जो संघ जमला तो असा होता. ऑक्टोबरमध्ये सिंगापूरविरुद्ध खरी परीक्षा आली तेव्हा छेत्री परत, बागानवाले परत. रंगीत तालीम एकाने केली आणि जत्रेच्या रात्री तोंडाला रंग लावून दुसराच उभा राहिला. तालमीत घाम गाळलेल्यांनी काय समजायचं?

14 ऑक्टोबर 2025 ला मी फातोर्ड्यात होतो. छांगटेचा तो लांबून मारलेला गोल झाला तेव्हा आमच्या स्टँडमध्ये अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरच्या साँग उइ-यंगने बरोबरी केली, आणि सामन्याचा एक तास पुरा व्हायच्या आत त्यानेच दुसरा मारला. त्यानंतर माझं लक्ष चेंडूपेक्षा टचलाइनवर जास्त होतं. बिब घातलेले आपले बदली खेळाडू कॉर्नर फ्लॅगपर्यंत धावत जात होते, वळत होते, पाय ताणत होते आणि दर वेळी मान वळवून डगआउटकडे बघत होते. माझ्या बाजूला वेर्ण्याचे एक अंकल बसले होते, सेझा क्लबच्या जमान्यापासून मॅच बघणारे. ते म्हणाले, "बाबा, हांतलो कोण येतलो तें कोचाकच खबर ना." (ह्यातला कोण येणार ते कोचलाच ठाऊक नाही.) मी हसलो, पण तीच शंका मलाही येत होती. 1-2 हरलो आणि 2027 च्या आशिया कपाची वाट बंद झाली.

त्यानंतर आठ दिवसांनी त्याच मैदानावर एफसी गोवाशी खेळायला रोनाल्डोची अल नासर आली. रोनाल्डो आला नाही म्हणून अख्खा गोवा हळहळला. त्या सामन्यात सौदीच्या त्या तगड्या संघाविरुद्ध एफसी गोवाचा एकमेव गोल केला आपल्या ब्रायसन फर्नांडिसने. हरलो 1-2 नेच. पण दुसऱ्या दिवशी चर्चा ब्रायसनची कमी आणि न आलेल्या माणसाची जास्त.

ह्यावर कोणी म्हणेल, फ्रेंडली जिंकल्या नाहीत तर रँकिंग घसरतं, आणि रँकिंग घसरलं तर ड्रॉमध्ये वाईट गट मिळतो. मुद्दा बरोबर आहे. 2015 मध्ये आपण 173 वर होतो, 2017 मध्ये 96 वर पोचलो, आणि त्याचा फायदा झाला. पण रँकिंग सांभाळायला दुबळे प्रतिस्पर्धी शोधायचे आणि मग त्यांच्याविरुद्धही पक्के अकराच उतरवायचे, ही गंमत मला कळत नाही. एक काहीतरी करा. मालदीव बोलावलात तर नवीन पोरं उतरवा, नाहीतर ओमानशी खेळा आणि हरा.

उलट टोकही आपण गाठलेलं आहे. 2011 च्या आशिया कपाआधी कोच बॉब हौटन यांनी लांबलचक शिबिरं घेतली, परदेश दौरे केले. आपले महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स होते त्या संघात. एवढी तयारी करून बायचुंग भुतिया दुखापतीसह यादीत. संपूर्ण स्पर्धेत खेळला शेवटच्या सामन्यातली पंधरा मिनिटं, दक्षिण कोरियाविरुद्ध, तेव्हा आपण केव्हाच हरलो होतो. नावाला मान देऊन खुर्ची दिली की ती रिकामीच राहते. भुतियाचं कर्तृत्व मोठंच, पण खुर्ची त्या महिन्यातल्या पायांना द्यायची असते.

आता आपल्या गोंयकारांच्या "आमचे भुरगे" प्रकरणाकडे. 1983-84 ला ब्रह्मानंद शंखवाळकरांच्या कप्तानीखाली गोव्याने एकही गोल न खाता संतोष ट्रॉफी जिंकली, तेव्हा राष्ट्रीय संघात गोंयकार दिसायचे कारण दर रविवारी इथल्या लीगमध्ये ते साळगावकर, धेंपो, सेझाकडून एकमेकांशी झुंजत होते. 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले, तेव्हा एका फटक्यात किती पोरांच्या जागा गेल्या ते मोजा आणि मग दिल्लीकडे बोट दाखवा.

आणखी एक गोष्ट आहे जी फक्त गोव्यातच होते. 19 डिसेंबर 1961 पूर्वी जन्मलेल्या आजोबांच्या जोरावर घरातले सगळे पोर्तुगीज पासपोर्ट करतात. पोट भरायला लंडन, लिस्बन गाठायचं असतं, त्यात वावगं काही नाही, मी कोणाला नावं ठेवणार नाही. पण तो पासपोर्ट हातात आला की भारताचं नागरिकत्व संपतं आणि भारताच्या जर्सीचं दारही. फुटबॉलपटू रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारताचा घेतला. आमच्या सासष्टीतला अठरा वर्षांचा विंगर नेमका उलट दिशेने निघालेला असतो, आणि त्याचं नाव यादीत का नाही म्हणून त्याचेच मामा इथे कमेंट टाकतात.

आशिया कप हुकला, त्यामुळे पुढच्या फ्रेंडलींमागे सध्या कुठलीच मोठी स्पर्धा नाही. माझ्या मते ह्याच्याइतकी सोयीची वेळ नाही. दोन स्ट्रायकर ठरवून त्यांना लागोपाठ चार सामने पूर्ण नव्वद मिनिटं द्यावीत, गोल होवोत न होवोत. सामने फिफाच्याच तारखांना घ्यावेत, म्हणजे क्लबांशी भांडण नको. प्रतिस्पर्धी आपल्यापेक्षा वीस-तीस पायऱ्या वरचा असावा. आणि एक तरी सामना फातोर्ड्यात द्या, आम्ही येतो.

तुमचे तेवीस कमेंटमध्ये लिहा. फक्त प्रत्येक नावापुढे तो कुठल्या जागेवर खेळणार आणि कोणाला बाहेर काढून, तेही लिहा. गावाचं नाव नको.