'गिफ्ट म्हणजे विष' वाला फॉरवर्ड

सध्या बऱ्याच ग्रुपवर फिरतंय: 'इंग्रजीतला गिफ्ट मूळचा जर्मन, त्याचा खरा अर्थ विष, स्वीडिशमध्ये तर विष आणि लग्न झालेला दोन्हीला गिफ्टच म्हणतात, म्हणजे पूर्वजांना सगळं ठाऊक होतं!' जोक म्हणून ठीके, पण लोक खरं मानून पुढे ढकलतायत.

पहिलं म्हणजे इंग्रजीने हा शब्द जर्मनकडून उचललेलाच नाही. दोन्ही चुलत बहिणी, 'देणे' या एकाच जुन्या धातूवरून दोघींकडे आलाय. जुन्या इंग्रजीत उच्चार साधारण 'यिफ्ट' आणि अर्थ वधूमूल्य, आजचा 'ग' व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेमुळे.

आता 'खरा अर्थ विष'. साफ उलटं आहे. जर्मनमध्येही आधीचा अर्थ देणं, दिलेली वस्तू हाच, आणि तो अजून 'मिटगिफ्ट' मध्ये जिवंत आहे, म्हणजे मुलीला लग्नात दिलेला हुंडा. गंमत बघा, मिटगिफ्ट स्त्रीलिंगी आणि विषवाला गिफ्ट नपुंसकलिंगी, भाषेनेच दोघांची वाटणी करून टाकली. मग विष आलं कुठून तर ग्रीक 'दोसिस' म्हणजे देणं, तोच शब्द वैद्यांच्या लॅटिनमध्ये औषधाची दिलेली मात्रा झाला, त्याच धर्तीवर जर्मन लोक गिफ्ट म्हणायला लागले, आणि विष हा शब्द तोंडावर घेण्यापेक्षा 'ते दिलेलं' म्हणणं कुणालाही बरं वाटणार. आपण डॉक्टरकडे जो डोस घेतो तो हाच दोसिस, आणि त्याचा धातू संस्कृत 'दा' चा सख्खा भाऊ, म्हणजे डोस आणि दान एकाच घरातले (हे फॉरवर्ड कुणी का करत नाही देव जाणे). फ्रेंचांनीही असंच केलंय, त्यांचा 'प्वाझों' म्हणजे विष हा लॅटिनमधल्या 'पेय' या साध्या शब्दावरून आलाय.

स्वीडिशचं म्हणाल तर दोन्ही गिफ्ट आहेत आणि उच्चारही सारखाच, 'यिफ्ट', एवढं खरं. पण लग्नवाला आला मुलगी 'देण्या'वरून, आपण कन्यादान म्हणतो तसंच, आणि विषवाला उत्तर जर्मनीतल्या भाषेतून नंतर आयात झालाय. अनेकवचन केलं की लगेच फुटतात, लग्न झालेले 'गिफ्ता' आणि विषं 'गिफ्तेर'. बायकोवरचे जोक मारायचे तर मारा, स्वीडिश पूर्वजांना मध्ये ओढू नका.

आणि काही जण 'सगळ्या युरोपात असंच' हे शेपूट जोडतायत ते तर काहीच्या काही, शेजारचा डच माणूस आजही गिफ्ट म्हणजे देणगी म्हणतो, विषाला त्याच्याकडे 'गिफ' किंवा 'फरगिफ' आहे.