अपडेटमुळे कंट्रोलर मरत नाही

गेम खेळणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'विंडोजचं अपडेट जुने कंट्रोलर मुद्दाम निकामी करतं. मेमरी इंटिग्रिटी (विंडोजची एक सुरक्षा सोय) बंद करा, अपडेट कायमचं थांबवा, नाहीतर नवा कंट्रोलर घ्या.' यावर विश्वास ठेवून मुंबईतली मुलं आईवडिलांचे हजारो रुपये लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात घालवतात, याचं मला वाईट वाटतं.

आधी 'निकामी' म्हणजे काय ते बघू. तोच कंट्रोलर ब्लूटूथने फोनला जोडा. अँड्रॉइड १० किंवा त्यापुढच्या फोनवर प्लेस्टेशन ४ चा कंट्रोलर थेट चालतो. तिथे बटणं चालली तर वस्तू ठणठणीत आहे. बिघडलंय ते मधलं सॉफ्टवेअर. विंडोजवरचे बरेच गेम फक्त एक्सबॉक्सची भाषा, म्हणजे एक्सइनपुट, ओळखतात. म्हणून प्लेस्टेशनचा कंट्रोलर वापरताना डीएसफोरविंडोजसारखं सॉफ्टवेअर एक आभासी एक्सबॉक्स कंट्रोलर उभा करतं आणि खरा कंट्रोलर गेमपासून लपवतं. अपडेटनंतर हे लपवणं बंद पडलं की गेमला दोन्ही दिसतात आणि एकदा दाबलेलं बटण दोनदा लागतं. आभासी कंट्रोलरचा ड्रायव्हरच, म्हणजे तो विंडोजला ओळखता यावा म्हणून लागणारा छोटा प्रोग्रॅमच, उठला नाही, तर गेमला काहीच कळत नाही. दोन्ही वेळा उपाय तोच: ते सॉफ्टवेअर आणि त्याचे ड्रायव्हर काढा, मशीन रीस्टार्ट करा, मूळ प्रकल्पाच्या पानावरूनच ताजी आवृत्ती घ्या. गेम विकत घेऊन चालवायचं स्टीम हे ॲपही स्वतः हेच काम करतं, त्यामुळे दोघांपैकी एकच चालू ठेवा. आणि यूएसबी केबल तपासा. फक्त चार्जिंगच्या केबलीतून डेटा जातच नाही.

'मुद्दाम' हा आरोप तर टिकतच नाही. असले आभासी ड्रायव्हर विंडोज बनवणारी कंपनी लिहीत नाही, हौशी प्रोग्रामर लिहितात. व्हिजेम हा त्यांतला महत्त्वाचा प्रकल्प २०२३ मध्ये थांबला. विंडोज पुढे सरकते, मागे राहिलेला ड्रायव्हर अडकतो.

सगळ्यात घातक सल्ला मेमरी इंटिग्रिटीचा. विंडोजच्या गाभ्यात खात्री न झालेला कोड चालू नये म्हणून ती असते. विंडोज सिक्युरिटीत, कोअर आयसोलेशनच्या पानावर, न जुळणाऱ्या ड्रायव्हरांची यादी मिळते. यादीतला तो एक ड्रायव्हर काढा किंवा बदला. ज्या लॅपटॉपवरून घरचे बँकेचे व्यवहार करतात, त्याचं कुलूप गेमसाठी उघडं ठेवायचं नाही.

अपडेट कायमचं थांबवायचीही गरज नाही. विंडोज ११ मध्ये ते काही आठवडे पुढे ढकलता येतं. मोठं अपडेट नुकतंच झालं असेल, तर साधारण १० दिवसांत रिकव्हरीतून मागच्या आवृत्तीवर परत जाता येतं.

कंट्रोलरवर खर्च करायचाच झाला तर अंगठ्याने हलवायची स्टिक हात न लावता आपोआप सरकते तेव्हा करा. तेव्हाही आधी सोल्डरिंग करणाऱ्याला दाखवा. नुसती स्टिक बदलून मिळते.