खुलासा : पारधी समाजाबद्दल फिरणारा मेसेज

‘पारधी जन्मजात गुन्हेगार असतात, सरकारी नोंदच आहे’ असा मेसेज सध्या फिरतोय. त्यातली ‘नोंद’ म्हणजे इंग्रजांचा 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा. त्यात गुन्हा सिद्ध होण्याची गरजच नव्हती. अख्खी जमात यादीत घातली की मुलंबाळंही त्यात. पोलिसांकडे हजेरी द्यायची, गाव सोडायलाही परवानगी लागायची. सोलापुरात तर या जमातींना ठेवायला तारेच्या कुंपणाआडची सेटलमेंट, म्हणजे वसाहत होती. 31 ऑगस्ट 1952 ला हा कायदा रद्द झाला, संशय मात्र राहिला.

चोरी झाली की आधी पालावर धाड, मग अटक, आणि तीच अटक पुढच्या संशयाचा पुरावा. अटकेच्या आकड्यांतून पोलिसांनी कुणाला धरलं एवढंच कळतं, गुन्हा कुणी केला ते नाही. त्यात शिकारीवर जगणाऱ्यांची शिकार 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंद झाली. जमीन तर बहुतेकांकडे नव्हतीच. या समाजातले काही जण गुन्हे करतात, हे खरं. तसे ते कुठल्या समाजात नाहीत?

ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही विमुक्त जमातींच्या (म्हणजे त्या जुन्या यादीतून मुक्त झालेल्या जमातींच्या) लोकांना मनमानी अटक करू नये, असं बजावलंय. मेसेज आला असेल तर पुढे पाठवू नका. ग्रुपवर टाकला असेल तर काढून टाका.