आमच्या मतदारसंघात म्हणे उद्योगच नाही!

गडचिरोली-चिमूर म्हटलं की टीव्हीवाल्यांना दोनच गोष्टी आठवतात, नक्षलवाद आणि सुरजागडचं लोखंड. २००८ च्या पुनर्रचनेत झालेला हा राखीव मतदारसंघ तीन जिल्ह्यांत पसरला आहे. आमगावकडच्या माणसाला छत्तीसगड जवळ, सिरोंचात बाजारात तेलुगू बोलतात, आणि खासदार दोघांचा एकच!

लोखंडाला माझा विरोध नाही. कोनसरीच्या कारखान्यात गावातली पोरं लागली तर आनंदच आहे. पण भाषणात ‘उद्योग आणू’ ऐकलं की डोकं सणकते. आणू म्हणजे? जे आहे त्याला काय म्हणायचं?

मे महिन्यात आमच्या आरमोरीकडे अख्खं गाव तेंदूपत्त्याला, म्हणजे विडीची पानं तोडायला जाते. पहाटे तोडायचं, दुपारी सावलीत बसून पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं विकत घेतात तिथे, न्यायचे. एका पुड्यात ७० पानं. आई मोजताना आकडे म्हणत नाही, पाच-पाच पानं बोटांनी सरकवते आणि तोंडाने शेजारणीशी भांडत असते. पुडा चुकत नाही. हंगाम जेमतेम पंधरा-वीस दिवसांचा, पण पोरांची वह्या-पुस्तकं आणि खरिपाचं बियाणं त्याच पैशातून येते.

धानाचं तर विचारूच नका. देशभर खाल्ला जाणारा एचएमटी तांदूळ नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी आपल्या बांधीत निवडून काढला. नाव दिलं घड्याळावरून!

आणि वडसा. गडचिरोली जिल्ह्याचं रेल्वे स्टेशन म्हणून ओळखतात, पण दिवाळीनंतर तिथे ओळीने नाटक कंपन्यांची दुकानं लागतात. गावात मंडई (म्हणजे जत्रा) नाहीतर शंकरपट (बैलांची शर्यत) असला की रात्री नाटक पाहिजेच. नट, पेटीवाला, तबलजी, पडदेवाला, मंडपवाला, बाहेर चहा-भजीवाला, होळीपर्यंत सगळ्यांच्या चुली त्यावर पेटतात. २०२३ मध्ये याच नाटकांतले नट परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा दोन दिवस कौतुक झालं. (दोनच.)

२०२४ च्या लोकसभेला १९ एप्रिलला मतदान होतं, आमच्याकडे तीनपर्यंतच. ऐन मोहफुलाचे दिवस. आठवडाभर आधी प्रचाराला आलेल्या शहरी पोराने आईला विचारलं, “मावशी, तुमच्याकडे काही उद्योगधंदा?”

आई म्हणाली, “काईच नाई जी.”

अंगणभर मोहफुलं वाळत होती. तेवढ्यात शेळीने त्यात तोंड घातलं, तशी ती काठी घेऊन धावली.