डोक्यावरचा साज बांधायचा असतो

टोपी आपण घालतो. फेटा, मुंडावळ्या आणि बाशिंग मात्र बांधतो. भाषेने जपलेला हा फरक मला फार मोलाचा वाटतो, कारण बांधायचे म्हटले की ज्याला बांधायचे तो माणूस समोर बसतो, बांधणाऱ्याची बोटे त्याच्या कपाळाला लागतात आणि गाठ सैल हवी की घट्ट, हे तिथल्या तिथे विचारून ठरते. अलीकडे आपल्या सोलापुरातल्या लग्नांत हे बांधणे मागे पडून तयार साज डोक्यावर चढवण्याची रीत रुळत चालली आहे आणि ती बदलावी, असे मला मनापासून वाटते.

गेल्या मे महिन्यात माझ्या भाचीचे लग्न झाले. तिच्यासाठी भाड्याने आणलेला धातूचा साज मोबाइलवरच्या फोटोवरून पसंत केला होता. हातात घेऊन त्याचे वजन कोणीच पाहिले नव्हते, मीही नाही. मुहूर्त भर दुपारचा, पारा चाळिशीच्या वर, आणि पाटावर बसल्यापासून पोरीचा हात सारखा कपाळाकडे जात होता. सप्तपदी आटोपल्यावर मी तो साज उतरवला, तेव्हा उजव्या भुवईच्या वर तारेच्या टोकाचा ओरखडा उठला होता, घामाने मुलामा सुटून कातडीवर हिरवट रेघ उमटली होती आणि आकड्यांबरोबर केसही तुटून आले. त्या दिवसाचा निम्मा वेळ तिने डोके मोकळे होण्याची वाट पाहण्यात काढला, ही गोष्ट मला अजून लागून राहिली आहे.

आपल्याकडे याहून चांगली वस्तू पूर्वीपासून आहे. मराठीत बाशिंग, कानडीत बासिंग आणि शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत बासिकम. नाव जवळजवळ एकच आणि ते बांधायची जागाही तीच, कपाळ. जुन्या पद्धतीचे बाशिंग भेंडाचे असते. भेंड म्हणजे पाणथळ जागी वाढणाऱ्या झुडपाचा पांढरा, पोकळ वाटावा इतका हलका गाभा. त्यावर रंगीत कागद, बेगड, मणी आणि गोंडे लावले की वस्तू डोळ्यांत भरते, पण डोक्याला जाणवत नाही. पुन्हा कडेला सुती दोरा असल्यामुळे कोणत्याही डोक्याच्या मापाला ते बसते.

साजाच्या वजनाने काय होते, हे सिद्धेश्वरांच्या यात्रेत आपण सगळे दरवर्षी पाहतो. संमती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्याला नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, साज लेवून येतात आणि होमाच्या दिवशी पहिल्या मानाच्या नंदीध्वजाच्या टोकाला नागफणा, म्हणजे नागाच्या फण्याच्या आकाराचा साज, बांधतात. टोकाला वजन वाढले की उंच काठी तोलणे किती अवघड होते, हे बाराबंदी घातलेल्या मानकऱ्यांच्या चेहऱ्यावर दिसते. म्हणूनच त्याआधी कित्येक दिवस सराव चालतो. काठीच्या बाबतीत एवढी काळजी घेणारे आपण, नवरीच्या डोक्यावर दोन तास काय राहणार आहे, ते आधी एकदा बांधूनही पाहत नाही.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की जो साज निवडाल, तो लग्नाआधी आठवडाभर तरी घरी आणा, ज्या केशरचनेवर तो यायचा आहे तीच करून बांधा आणि तासभर तसेच वावरू द्या. मान खाली घालून नमस्कार करून पाहा, कारण पुढे घसरणारी वस्तू नेमकी तिथेच कळते. धातूचाच साज हवा असेल, तर आतल्या बाजूला मऊ मलमल शिवून घ्या. मोत्यांच्या मुंडावळ्यांची गाठ अंबाड्याच्या खाली घ्या, म्हणजे ती सरकत नाही. केस त्याच दिवशी धुऊ नका. ताज्या धुतलेल्या केसांत पिना टिकत नाहीत. मोगऱ्याचा गजरा आपल्या उन्हात दुपारपर्यंत मलूल होतो, तेव्हा कळ्यांचा घ्या आणि माळेपर्यंत ओल्या फडक्यात ठेवा.

फेट्याचेही तेच. शिवून तयार मिळणारा फेटा एका मापाचा असतो. तो एकाच्या कानावर उतरतो, तर दुसऱ्याच्या कपाळावर वळ उठवतो. वऱ्हाडातल्या पन्नास जणांसाठी तो सोयीचा आहे, हे मला मान्य आहे. नवरदेवाला मात्र लांब कापडाचा फेटा जाणत्या माणसाने समोर बसवून बांधावा, असे मी ठामपणे म्हणेन.

येत्या तुळशीच्या लग्नानंतर माझ्या धाकट्या मुलाचे कार्य आहे. दोन्ही बाशिंगे भेंडाची सांगितली आहेत आणि मुलाचा मामा ती स्वतःच्या हाताने बांधणार आहे. कार्य झाल्यावर ती आमच्या देवघरात राहतील, जिथे माझ्या लग्नातले बाशिंग, रंग उडाला असला तरी, अजून टांगलेले आहे.